तीन हजार माणसं आली आणि परत गेली

"आजोबा, तीन हजार माणसं आपल्या पानावर आली आणि परवानगी दिली फक्त नऊ जणांनी! बाकीचे गेले कुठे?"

बारा वर्षांच्या शलाकाने पडद्यावरचा आकडा आजोबांना दाखवला. २०६१ सालचा तो दिवस मालवणच्या जलवेध केंद्रात कुणीच विसरणार नाही. शलाकाची आई, डॉ. वैजयंती, सकाळी एका सहकाऱ्याबरोबर ‘शंखिनी’ या छोट्या पाणबुडीतून समुद्राचा तळ तपासायला उतरली होती. तळाशी जोराचा प्रवाह आला, शंखिनी भरकटली आणि तिचा संपर्क तुटला. आतली हवा संध्याकाळी सहापर्यंत पुरणार होती. आता बारा वाजले होते.

संपर्क तुटला तरी शंखिनी दर मिनिटाला पाण्यात एक ‘टक्’ आवाज सोडत राहते. तो ऐकायला प्रत्येक मासेमारी बोटीवर जलकान (पाण्याखालचे आवाज टिपणारं यंत्र) होता. एकच आवाज निरनिराळ्या बोटींपर्यंत निरनिराळ्या क्षणी पोहोचतो, आणि त्या क्षणांतल्या फरकावरून तो कुठून आला ते काढता येतं. पण त्यासाठी पुष्कळ बोटी हव्या होत्या. शिवाय मालकाच्या परवानगीशिवाय कुणाचाच जलकान केंद्राला जोडता येत नव्हता. म्हणून केंद्राने सगळ्या बोटमालकांच्या फोनवर परवानगीच्या पानाचा एक दुवा (लिंक) पाठवला होता.

"लोकांना आईची पर्वाच नाही का?" शलाकाने विचारलं.

तिचे आजोबा, डॉ. गजानन पराडकर, आयुष्यभर समुद्रातल्या आवाजांचा अभ्यास करत आले होते. "पर्वा नसती तर त्यांनी दुवा दाबलाच नसता, बाळा. ते मदतीलाच आले होते. आपल्या लँडिंग पेजवर (दुवा दाबल्यावर माणूस सर्वांत आधी पोहोचतो त्या पानावर) काहीतरी अडलंय. निरू, लोक नेमके कुठून परत गेले?"

निरू हा केंद्राचा यंत्रमानव. तो म्हणाला, "सतराशे जण पान उघडण्याआधीच गेले. अकराशे जणांनी फक्त वरचा भाग पाहिला. एकशे एक्याण्णव जणांनी अर्ज अर्धवट सोडला."

शलाकाने स्वतःच्या फोनवर दुवा दाबला. समुद्राचा एक मोठा व्हिडिओ उघडायला लागला, आणि बराच वेळ उघडतच राहिला. मग ‘जलवेध केंद्रात आपले स्वागत’ असं आलं. त्याखाली संचालकांचं छायाचित्र, केंद्राचा इतिहास, पुरस्कार. परवानगीचा अर्ज तळाशी होता आणि त्यात चौदा रकाने होते.

तिने थेट बाबल तांडेलांना फोन लावला. ते आईच्या ओळखीचे, आणि त्यांची बोट समुद्रातच होती.

"अगो चेडवा, तुमचा ता पान उघडताच नाय! नुसता चाक फिरता," बाबलमामा म्हणाले. "आणि उघडला तर सायबांचो फोटो. माका काय करूचा हा, ता खंय लिवलाहा?"

शलाकाने डोळे पुसले. "आजोबा, हे पान आपण कोण आहोत ते सांगतंय. त्यांनी काय करायचं ते सांगतच नाही."

"मग तूच सांग. कमीत कमी शब्दांत."

व्हिडिओ गेला, इतिहास गेला. शलाकाने सगळ्यात वर लिहिलं: ‘समुद्रात दोन माणसं अडकली आहेत. तुमचा जलकान त्यांना शोधू शकतो.’ त्याखाली बोटीचा क्रमांक लिहायला एकच रकाना आणि एकच मोठं बटण: ‘माझा जलकान जोडा’.

एक वाजता नवं पान सुरू झालं आणि त्याचा दुवा पुन्हा सगळ्यांना गेला. ते क्षणात उघडत होतं, तरी शंभरातले जेमतेम तीस जण जोडले जात होते. बाकीचे बटणापर्यंत येऊन थबकत होते. शलाकाने पुन्हा बाबलमामांना फोन लावून लोक का थबकतात ते विचारलं.

बाबलमामा जरा घुटमळले. "खरा सांगू? जलकान जोडलो तर आमची मासे गावणारी जागा सगळ्यांक कळात. मी तुझ्या आवशीसाठी, वैजयंतीसाठी जोडलंय. पण बाकीचे भियतत."

"आपण जागा गुप्त ठेवू असं लिहूया!" शलाका म्हणाली.

"आधी तसं करूया, मग लिहूया," आजोबा म्हणाले. त्यांनी बोटीची जागा कुणाला दिसणार नाही आणि तिची नोंद काम होताच पुसली जाईल अशी सोय केली. मग ते म्हणाले, "पण ज्यांच्या मनात ही भीती नव्हती, त्यांना आपलंच वाक्य वाचून ती वाटली तर?"

म्हणून त्यांनी तुलना-चाचणी (दोन पानं एकाच वेळी वेगवेगळ्या लोकांना दाखवून पाहणं) करायचं ठरवलं. अर्ध्यांना आहे तेच पान, अर्ध्यांना बटणाखाली एक ओळ वाढवलेलं: ‘तुमची मासेमारीची जागा कुणालाही दिसणार नाही. शोध संपताच नोंद पुसली जाईल.’

"बटणाचा रंगही बदलू?" शलाकाने विचारलं.

"नको. दोन गोष्टी बदलल्या तर कशाचा उपयोग झाला ते कळणार कसं?"

चाचणीची दहा मिनिटं संपता संपत नव्हती. मग निरू म्हणाला, "ओळ नसलेलं पान: शंभरात एकतीस. ओळ असलेलं: शंभरात अडुसष्ट."

ओळ ताबडतोब सगळ्यांच्या पानावर आली. जोडलेल्या बोटींचा आकडा चढू लागला. दोनशे, पाचशे, नऊशे. तीन वाजून वीस मिनिटांनी निरूने नकाशावर एक जागा दाखवली. बचावजहाज निघालं. पाच वाजून गेले तरी काही कळेना. शलाकाने आजोबांचा हात घट्ट धरून ठेवला होता.

साडेपाचला रेडिओवर खरखर ऐकू आली. "शलू? आम्ही वर आलोय गं."

"आई!" शलाका ओरडली. आजोबांनी चष्मा काढला आणि तो पुसतच राहिले.

पुढच्या आठवड्यात केंद्राने वादळाच्या इशाऱ्यासाठी नवं पान करायला घेतलं. शलाका ते घेऊन मासळीबाजारात गेली आणि तिथल्या एका आजींच्या हातात फोन दिला. तिने काहीच समजावून सांगितलं नाही. आजींचं बोट कुठे अडतं, ते ती लक्ष देऊन पाहत राहिली.