नवं सॉकेट येईपर्यंत

"घेऊ नका."

पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या दुकानात उत्कर्षा नव्या कॉम्प्युटरचा भाव ऐकत उभी होती, तेव्हा मागून कुणीतरी एवढंच म्हटलं. तिनं वळून पाहिलं. खांद्याला कापडी पिशवी, शर्टाच्या खिशात पेचकस, आणि डोळे... डोळे तिच्याकडे नव्हतेच. काउंटरवरच्या मदरबोर्डाकडे तो असा बघत होता, जसं आजारी वासराकडे बघावं.

दुकानदार बद्रीनाथशेठनं चष्मा कपाळावर चढवला. "सुदर्शन, माल घ्यायला आला आहेस ना? घे आणि नीघ. सल्ल्याचं दुकान बाहेर फुटपाथवर मांड."

"शेठ, बाई लांबून आल्यासारख्या दिसतात. फसतील."

"मी काही लांबची नाही जी," उत्कर्षा म्हणाली. "खडकीची आहे."

"खडकीत 'जी' म्हणत नाहीत."

"आधी भंडाऱ्याची होते. पण का घेऊ नये ते सांगाल, की माझं गावच विचारत बसाल?"

तो हसला. मग बोटानं दाखवत सांगू लागला. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ते सॉकेट. तिच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होतं ते चौकोनी. ह्या नव्या बोर्डात मात्र प्रोसेसर कॅसेटसारखा उभा खोचायचा होता. "हे टिकायचं नाही. कंपनी परत चौकोनीवर येईल. मग पुढचा प्रोसेसर ह्यात बसणार नाही. बोर्ड बदला, त्याच्यासोबत बाकीचंही बदला. त्यापेक्षा थांबा थोडं."

"घरचं जुनं सारखं बंद पडतंय. तोवर मी टायपिंग कशावर करू? तुमच्या सल्ल्यावर?"

"जुनं मी चालवून देतो," सुदर्शन म्हणाला आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

ती अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. उत्कर्षाचे वडील वैजनाथ खडकीच्या फॅक्टरीत होते आणि ते सगळे फॅक्टरीच्याच क्वार्टरमध्ये राहत. अप्पा बळवंत चौकातल्या छापखान्यांची मराठी टायपिंगची कामं ती घरी करायची. सुदर्शन लोणी काळभोरचा. घरी ऊस, वडिलांचा म्हणजे आबांचा दरारा, आणि हा त्यातून निसटून लोकांचे कॉम्प्युटर जुळवून देत हिंडणारा.

तो रविवारी आला. कॅबिनेट उघडलं, पंख्यावरची धूळ फुंकली, आत रॅमची पट्टी बसवली. फॅक्टरीचा भोंगा झाला तेव्हा यंत्र सुरू झालं होतं. उत्कर्षाची आई, गोदाबाई, चहा घेऊन आली. झाकण लावताना त्यानं सहा स्क्रूंपैकी दोनच बसवले.

"बाकीचे?" उत्कर्षानं विचारलं.

"राहू द्या. उघडायला सोपं जातं."

"म्हणजे परत उघडावं लागणार आहे?"

"जुनं यंत्र आहे," तो पेचकसाकडे बघत म्हणाला. "काही सांगता येत नाही..."

तिनं ते चार स्क्रू फोटोच्या रोलच्या काळ्या डबीत टाकले आणि डबी मॉनिटरच्या मागे ठेवली.

मग यंत्र बिघडू लागलं. सुरू करताना नुसतं बीप बीप करायचं. सुदर्शन यायचा, पट्टी काढायचा, खोडरबरानं तिचे दात पुसायचा, परत बसवायचा. बीप बंद. महिना झाला की पुन्हा तेच.

"परत पट्टी?" एकदा दारातच त्यानं विचारलं.

"तुम्हीच बसवलेली. टिकतच नाही."

"माझ्या हाताला दोष आहे म्हणता?"

"हाताला नाही म्हणत. घट्ट बसवायचं तुमच्या मनातच नसेल तर हात काय करणार?"

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. गोदाबाई आतून म्हणाली, "काऊन गं, आल्या माणसाला बसू तरी दे."

पट्टी ढिली कशी होते हे उत्कर्षाला चांगलं ठाऊक होतं. बाबा कामावर आणि आई बाजारात गेली की ती ते दोन स्क्रू काढायची, पट्टी एका टोकाकडून जराशी उचलायची आणि झाकण लावून टाकायची. नवा कॉम्प्युटर आला की त्याची वॉरंटी आली. मग दुकानाचा माणूस येणार, सुदर्शन कशाला येईल? पैसे साठले होते. छापखान्याचे मालक उशिरावरून बोलत होते, एकदोन कामं हातची गेलीही होती. तरी दर वेळी ती त्याला विचारायची, "आता घेऊ का नवीन?" आणि उत्तर येईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायची.

"आता नको," तो म्हणायचा. "थोडं थांबा."

आणि त्याचं खरं ठरायचं. उभी कॅसेट गेली, चौकोनी सॉकेट परत आलं. तेव्हा तो म्हणाला, "आता ह्याच्या पुढचं येतंय, ते येऊ दे." ते आलं, तर म्हणाला, "हे वर्षभरसुद्धा टिकणार नाही." टिकलं नाही. ज्यांनी घाईनं घेतलं होतं ते बद्रीनाथशेठच्या काउंटरवर येऊन भांडू लागले. सुदर्शनचा अंदाज एकदाही चुकला नाही. थांबणाऱ्याचं नुकसान होत नाही, हे त्याच्या मनात अगदी पक्कं बसलं.

दोन हजार एक सालच्या पावसाळ्यात वैजनाथ निवृत्त झाले. क्वार्टर सोडावं लागणार होतं. भंडाऱ्याला घर होतं, तिकडेच जायचं ठरलं. त्या महिन्यात यंत्रानं बीप केलं नव्हतं, तरी उत्कर्षानं त्याला बोलावून घेतलं. बाहेर झड लागली होती. तो भिजलेल्या चपला दाराबाहेर काढून आत आला आणि सवयीनं पेचकस काढू लागला.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "मला स्थळ आलंय. तिकडचंच, तुमसरचं. शाळेत शिक्षक आहेत. बाबा म्हणाले, दिवाळीपर्यंत सांग."

त्याच्या हातातला पेचकस तसाच राहिला.

"तुम्हाला काही बोलायचं असेल," तिचा आवाज खाली आला, "तर आधी बोला. मला सरळ कळेल असं."

त्यानं पेचकस परत खिशात घातला. मग तो म्हणाला, "बोलायचं तर... पहिल्या दिवसापासून आहे. तुम्हाला काय माहीत नाही? पण घरी आबांना विचारायचं म्हणजे... बहिणीचं जमतंय. आमच्यात बाहेरची मुलगी म्हटल्यावर तिच्या सोयरिकीत अडचण यायला नको. तिचं होऊ दे. थोडं... थोडं थांबाल?"

पहिल्या दिवसापासून — हे ऐकायला ती तीन वर्षं थांबली होती. ते आलं, आणि त्याच्यामागून पुन्हा तोच शब्द आला.

"दिवाळीपर्यंत," ती म्हणाली.

दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला. बहिणीचं लग्न उन्हाळ्यावर गेलं होतं. "तेवढा उन्हाळा काढला की—"

"बरं," उत्कर्षा म्हणाली आणि फोन ठेवला. त्या रात्री जेवताना तिनं बाबांना होकार सांगितला. गोदाबाईनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ताटात भात वाढला.

साखरपुडा तुमसरला झाला. परत आल्यावर सामान बांधायला काढलं. कॉम्प्युटर ट्रकमधून जायचा म्हणून नीट आवळून द्यायला वैजनाथांनीच सुदर्शनला बोलावलं. त्यांना बिचाऱ्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

तो आला तेव्हा खोली जवळजवळ रिकामी होती. उत्कर्षाच्या बोटातली अंगठी त्याला दारातूनच दिसली असावी. तो खाली बसला, झाकण काढलं, आणि आतच बघत म्हणाला, "पट्टी तुम्ही ढिली करायचा. मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"दुसऱ्याच वेळेपासून. आपोआप सुटते ती अशी एका बाजूनं सुटत नाही."

"मग बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर बोलावणं बंद झालं असतं."

ती हसली. हसताना डोळे भरले, म्हणून खिडकीकडे वळली.

"परवा आबांना विचारलं," तो म्हणाला. आता त्याची बोली पार गावाकडची झाली होती. "म्हटलं, अशी अशी मुलगी हाय. मला वाटलं, आता काठीच काढतेत. तर म्हणाले, 'पोरगी चांगली हाय तर इतकी वर्सं काय करत व्हतास? बहिणीचं मी बघतो की.' एवढंच. एका मिनटात." त्यानं मनगटानं डोळे पुसले. "उत्कर्षा, अजून... अजून काही होईल?"

त्यानं तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. बाहेर वैजनाथ हमालाला कपाट तिरकं कर म्हणून सांगत होते.

"तुमसरला एक माणूस आता माझ्यासाठी थांबलाय," ती म्हणाली. "त्यानं काही वाईट केलेलं नाही. थांबायला लावणं कसं असतं ते मला ठाऊक आहे जी. मी नाही लावणार कुणाला."

त्यानं मान हलवली. पट्टी दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवली. टक् असा आवाज आला. तसा आवाज तिनं आजवर ऐकला नव्हता.

"आता नाही सुटायची," तो म्हणाला. "तिकडे गेल्यावर मात्र नवीन घ्या. आलंय ते सॉकेट चांगलं आहे."

"टिकेल?"

"नाही टिकणार. कुठलंच टिकत नाही. तरी घ्या."

झाकण बसलं. तिनं मॉनिटरच्या खोक्यामागून काळी डबी काढली आणि स्क्रू एक एक करून त्याच्या हातावर ठेवू लागली. ठेवताना तिची बोटं त्याच्या तळव्याला लागत होती. तो सावकाश आवळत होता. आधीचे दोन, मग तिसरा, चौथा, पाचवा. मग त्यानं हात पुढे केला.

तिनं मूठ मिटली होती.

"एक कमी आहे," तो म्हणाला.

"असू दे."

तो मिटलेल्या मुठीकडे बघत राहिला. मग पेचकस खिशात ठेवला, कॉम्प्युटर उचलला आणि ट्रककडे निघाला — कडेवर मूल असावं तसा, जपून. फॅक्टरीचा भोंगा झाला. उत्कर्षा रिकाम्या खोलीत उभी होती, आणि मुठीतला स्क्रू हळूहळू तिच्या हाताइतकाच गरम होत होता.