सलग भोंगा वाजेपर्यंत

हे खोटे ठरले तर सर्वांत जास्त आनंद मलाच होईल. पण त्या बंद दाराच्या आत मी स्वतः होतो.

गेल्या मार्गशीर्षातली संध्याकाळ. बिडकीनजवळच्या वस्तीवर मी द्वारकामावशीकडे मुक्कामाला गेलो होतो. ज्वारीवरून ऊन उतरत होते. पुंजारामकाका दळण घेऊन गिरणीत गेले होते.

"दळाया गेले का गिरणी इकत घ्याया?" मावशी हसली.

आणि शिवारापलीकडच्या रसायनाच्या कारखान्याचा भोंगा सुरू झाला.

चढत... उतरत... पुन्हा चढत.

वायुगळतीचा इशारा. सराव सगळ्या वस्तीने केलेला होता. दारे-खिडक्या लावायच्या, ओले फडके नाकाला धरायचे. सलग भोंगा वाजेपर्यंत कुणासाठीही दार उघडायचे नाही.

आम्ही कडी घातली. फटींत ओली लुगडी कोंबली.

"हे बाहेर हायेत रे..." मावशी रडू लागली.

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. काकांचे नाव.

"आकाशची माय, मी गिरणीत हाय. आतून कोंडून घेतलंय. लई भिऊ नको. दार मात्र उघडू नको."

मावशीचा जीव भांड्यात पडला.

मग बाहेरची कुत्री गप्प झाली... पाखरेही.

दारावर थाप पडली.

"उघड गं!"

आवाज काकांचा होता.

फोन अजून चालूच होता. "कोण आलंय?" त्यातून काकांनी शांतपणे विचारले. "उघडू नको."

बाहेर खोकल्याची उबळ. फळीवर नखे ओरबाडल्याचा आवाज...

"द्वारके! ए द्वारके, मरतो गं मी!"

कडीपर्यंत गेलेला मावशीचा हात थिजला.

"हे आमचे नव्हंत," ती कुजबुजली. "लग्न झाल्यापून यांनी कधी मला नावानं हाक नाय मारली."

तिने हात मागे घेतला.

खोकला दारावरून खाली सरकत गेला... उंबऱ्याशी आला... आणि विझला.

सलग भोंगा वाजला. मावशीने दार आत ओढले. त्याला टेकून बसलेले काका तिच्या पायांवर कोसळले.

पाहणीला आलेल्या साहेबांनी आमची पाठ थोपटली. नियम तंतोतंत पाळले म्हणून.

काकांचा मोबाईल घरातच सापडला. आतल्या खोलीत, देवळीत, चार्जिंगला लावलेला.

आता तो पुण्याला, तिच्या मुलाजवळ, आकाशजवळ बंद पडून आहे. तरीही मावशीचा फोन रोज संध्याकाळी वाजतो. ती उचलते. "व्हय, लावली कडी," म्हणते.

परवा मी तिच्याजवळ बसलो होतो. फोनमधला आवाज मलाही ऐकू आला. काकांचाच, तितकाच मायाळू...

"आकाशची माय, भाचा आलाय ना? त्याला बी आतच ठेव."

मावशी उठली आणि कडी घालायला दाराकडे गेली.