बांधाखालचा पाय

त्या दिवशी सकाळपासून आभाळ दाटून आलं होतं, पण थेंब पडेना आणि वाराही सुटेना. मार्गशीर्ष महिना. एरवी त्या दिवसांत पहाटे हातपाय आखडून जावेत अशी थंडी असते. त्या दिवशी नुसतं कोंदट. जनावरं दावणीला सारखी उठबस करायली होती, कुत्री एका जागी बसेनात. सत्त्याऐंशी सालची येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, दुसऱ्या दिवशी, रविवारी होती. सगळं गाव रानात जेवायला जाणार होतं. मी सांगतोय ती तिच्या आधीची, शनिवारची रात्र.

जवळ सरका. हे मी वाऱ्यावरचं सांगत न्हाई. ज्याच्यावर बेतलं तो लिंबाजी माझा सोयरा. राणीसावरगावच्या अंगाला त्याचं वावर. खोटं बोलायला लागणारी हुशारी त्याच्यात नव्हती, माझ्यातही न्हाई.

लिंबाजीचा थोरला भाऊ सटवाजी. उसाच्या गाडीखाली त्याचा उजवा पाय सापडला, सडत गेला, आणि डॉक्टरांनी तो गुडघ्याखालून काढला. तोडलेला पाय लिंबाजीनंच पोत्यात गुंडाळून गावी आणला. माणसाचा तुकडा काय उकिरड्यावर टाकायचा असतो? त्यानं तो मीठ घालून आपल्या बांधावरच्या बाभळीच्या बुडाला पुरला. पुढं सटवाजीला रबराचा पाय मिळाला. त्या पायावर तो औत हाकायचा, लग्नात पंगतीला वाढायचा. गडी हिंडता फिरता झाला.

मग एकदा ओसरीवरून घसरला आणि त्याच बाजूचा खुबा मोडला.

नांदेडचे डॉक्टर म्हणाले, मोडलेला गोळा काढून स्टीलचा घालावा लागेल. पण त्यांची पंचाईत निराळीच. "दुसऱ्या पेशंटचं पाऊल धरून आम्ही पाय ओढतो, वळवतो. टाचेला टाच लावून लांबी बघतो. यांची टाच कुठाय?" तरी त्यांनी केलं. भला माणूस. पण सांधा ठरेना. सटवाजीनं कूस बदलली की गोळा खोबणीतून बाहेर. एकदा बसवला, निसटला. पुन्हा बसवला, पुन्हा निसटला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, आता निसटला तर स्टील काढून टाकायचं. मग उभं राहणं विसरा.

सटवाजी भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "लिंब्या, बसून ऱ्हायचं आसंल तर मला घरी नेऊ नको."

आणि अजून एक. रात्र झाली की त्याला नसलेला पाय जाणवायचा. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मेंदूला सवय असते. पण सटवाजीचं म्हणणं वेगळं. "दुखंना रं. वलं लागायलंय. कुनीतरी पायावर पानी सोडायलंय. मधीच नांगर फिरल्यावानी हुतंय."

त्याची बायको कस्तुराबाई. तिनं काढलेला हाडाचा गोळा दवाखान्यातल्या आयाकडून मागून घेतला होता. मोठ्या लिंबाएवढा. दस्तीत, हातरुमालात, गाठ मारून तिनं तो दिराच्या हातात ठेवला.

"भावजी, मानूस वाटून ठिवलाय आपून. पाय तिकडं, खुबा हिकडं. सांदा बसल कसा? ह्ये त्या पायापाशी ठिवून या."

लिंबाजी थट्टेखोर. "वैनी, कंडक्टरनं इचारलं म्हंजी? लगेज लावील ह्याला."

"लावू द्या. तुमचं तिकीट काढत्यात, मग त्याचं बी काढा."

तसा लिंबाजी त्या शनिवारी निघाला. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरावरून कुठं बंद, कुठं मोर्चा. एसटीचा नेम नसायचा. पालमला गाडीची वाट बघण्यातच दिवस मावळला. फाट्यावर उतरला तेव्हा काळोख पडून लय वेळ झाला होता. असली वस्तू घरात न्यायची न्हाई, म्हणून तो गावात गेलाच न्हाई. बॅटरी लावून सरळ रानाची वाट धरली. खिशातला गोळा चालताना मांडीवर आपटायचा. पुढं पुढं त्याला वाटायला लागलं, आपण चालतोय त्याच्याशी ह्याचा मेळ बसंना. आपली पावलं वेगळी, ह्याचं आपटणं वेगळं.

का रं बन्सीधर, हसायलास? हस. मीही हसलो होतो.

येळवशीच्या पूजेसाठी रानात कडब्याची कोप, लहानसं खोपटं, उभी केलेली होती. तिच्यातलं खुरपं घेऊन तो बांधावर आला. बाभळ तोडून वर्षं झाली होती, पण बुंधा ठाऊक होता. बॅटरी फिरवली. बांधावर बुंधा नव्हता.

पुन्हा फिरवली. तेव्हा दिसला. पलीकडं, माणिकरावच्या गव्हात, पार आत.

बुंधा कसा चालंल? बांध चालला होता. शेजारचा माणिकराव दरसाल नांगराचं एक तास, एक ओळ, बांधात घालायचा. सरकत सरकत बांध इकडं आला, आणि बाभळीचा बुंधा तिकडं राहिला. माणिकराव त्याच रात्री गव्हाला पाणी द्यायला होता, लाईट रातचीच असायची. बुंध्याभोवती पाणी तुंबलं होतं.

लिंबाजी बघत उभा राहिला. वलं लागायलंय, भाऊ म्हणायचा. नांगर फिरल्यावानी हुतंय.

तेवढ्यात पलीकडून आवाज. "कोन हाय रं? बांध कोरायलास व्हय?"

तशातही लिंबाजीला हसू आलं. "कोराय ठिवलाय का तुमी, माणिकराव? आपल्या पायानं चालत आमच्या जवारीत आलाय त्यो."

"लिंब्या व्हय! आन एवढ्या रातचं काय काढलंस?"

"काढाय न्हाई, पुराय आलोय. आमच्या सटवाअण्णाच्या खुब्याचं हाड हाय. त्याचा पाय त्या बुंध्यापाशी हाय. तितंच ठिवायचंय."

"पाय? माज्या गव्हात?"

"पुरला तवा आमचं वावर हुतं."

माणिकरावनं फावडं चिखलात रोवलं. तिथं उकरू दिलं म्हणजे बांध सरकवल्याचं कबूल झालं. उद्या सगळं गाव रानात येणार, बघणार.

"बांध हुता तितंच हाय," तो म्हणाला. "पुरायचं आसंल तर बांधावर पूर. गव्हात खुरपं लावायचं न्हाई, सांगून ठिवतो."

"माणिकराव, मानूस उभा ऱ्हायचा सवाल हाय."

"बांधावर पूर म्हनलं ना!"

लिंबाजी भांडणारा न्हाई. त्यानं बांधावरच हातभर उकरलं, दस्ती सोडली, गोळा ठेवला, माती लोटली. म्हणाला, "अण्णा, हितवरच आलं माज्यानं."

आणि लाईट गेली.

विहिरीवरची मोटर बंद पडली. पाटातलं पाणी थोडा वेळ वाहिलं. मग तेही थांबलं. किडे ओरडायले होते. ते थांबले.

चप.

गव्हातून आला आवाज. बुंध्याकडून.

चप...

माणूस चालतो तेव्हा आवाजाला जोड असते. एक पडतो, मागोमाग दुसरा. ह्याला जोड नव्हती. एकच. मग थांबणं. मग पुन्हा तोच.

चप...

लिंबाजी म्हणाला, "माणिकराव... तुमी हाव का त्ये?"

"न्हाई." आवाज अगदी कानापाशी आला. "मी हितं हाय. तुज्या मागं."

माणिकराव कधी बांधावर येऊन उभा राहिला होता, कळलंच नव्हतं. त्यानं लिंबाजीचं मनगट धरलं. हात गार.

लिंबाजीनं बॅटरीचा झोत टाकला. वीतभर गहू. वर कुणी नव्हतं. नुसता गहू. तो एका जागी दबला. मग अलीकडं दबला. मग अजून अलीकडं.

चप...

बांधाच्या कडंला आला. थांबला.



नुकत्या लोटलेल्या मातीवर काहीतरी टेकलं. काही दिसलं न्हाई. माती मात्र दबली. दबून राहिली.

किती वेळ... काय सांगू. लिंबाजीला सांगता यायचं न्हाई.

मग अलीकडं, कोरड्या जवारीत खसफसलं. पुन्हा खसफसलं. आवाज लांब जायला लागला. सडकेकडं. आता तो थांबत थांबत जात नव्हता. भरभर जात होता.

मग काही न्हाई.

दोघं कोपीत जाऊन बसले. गुडघ्याला गुडघा लावून, तांबडं फुटेपर्यंत. ज्यानं जन्मभर बांध रेटला आणि ज्याचा रेटला, ते दोघं. उजाडल्यावर मातीकडं बघायला कुणी गेलं न्हाई. लिंबाजी येळवशीचा घास न घेता तसाच फाट्यावर आला आणि पहिली एसटी धरली.

तुमच्या जिवाला घोर नको म्हणून पुढचं आधीच सांगतो. तो सांधा परत कधी निसटला न्हाई. सटवाजी रबराचा पाय बांधून घरी आला, लय वर्षं चालला. डॉक्टर म्हणाले, आतलं मांस भरून आलं, त्यानं गोळा धरला. असंल. ते शिकलेले.

पण त्या रविवारी लिंबाजी वॉर्डात शिरला तेव्हा सटवाजी गाढ झोपला होता. कितीक दिवसांनी. कस्तुराबाई खाटेखाली पदर तोंडावर घेऊन पडलेली. लिंबाजी पांघरूण सारखं करायला वाकला. डाव्या पायाच्या बाजूला चादर पांढरी. उजवीकडं, जिथं गुडघ्याखाली काहीच न्हाई, जिथं चादर सपाट पसरलेली, तिथं अगदी खाली, पाऊल टेकतं त्या जागी... काळी माती. ओली.

त्यानं बोट पुढं केलं.

शेजारच्या खाटेवर दिनकरराव म्हणून सेलूचे म्हातारे मास्तर होते. ते जागेच होते. डोळे तांबारलेले. रात्रभर पापणीला पापणी लागली नसावी. त्यांनी लिंबाजीला हातानंच थांबवलं.

"हळू. आत्ताच डोळा लागलाय तुमच्या भावाचा," ते म्हणाले. "पहाटेपासून इथं येरझाऱ्या घालत होते हो... दोन्ही पायांनी."