रुमालाखालचे आठ आणे

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याची सायकल माझ्या मिरच्यांवरून गेली. १९४०चा हिवाळा होता. हिंगोलीच्या आमच्या घरापुढे मी पोत्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या.

"डोळे घरी ठिवून आले का?" मी विचारलं.

"न्हाई... आत्ता हरवले," तो म्हणाला, आणि खाली बसून एकेक मिरची वेचायला लागला.

त्याचं नाव हरिचंद. माझे वडील किसनराव जमिनी-घरांची दलाली करायचे, त्यांच्याकडे तो काम मागायला आला होता. ते मिळालं. तो गावोगाव फिरून गिऱ्हाईक आणायचा, सौदा बाबांच्या नावावर व्हायचा. दलालीच्या रुपयातले आठ आणे आमचे, आठ त्याचे.

बाबा मूळचे बैलबाजारातले. भाव तोंडानं बोलायचा नाही, रुमालाखाली बोटं दाबून ठरवायचा, हा त्यांचा हट्ट. चार बोटं एकदा दाबली की चार, दोनदा दाबली की आठ. बोली जुळण्याआधी ज्यानं हात काढला, त्यानं सौदा मोडला. पण लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला, आणि डाव्या हातानं सौदा करत नाहीत. म्हणून रुमालाखाली हात माझा असायचा. गिऱ्हाइकं आधी हसायची, मग घाम पुसायची.

हरिचंद जवळच्या गोरेगावच्या बाजारातून माझ्यासाठी बोरं आणायचा. मिरच्यांची भरपाई म्हणे!

"फिटलं का आता?"

"अजून पावशेर ऱ्हायलंय," मी खोटंच सांगायची. ते कधीच फिटू नये असं मला वाटायचं.

वर्षभरानं गावातल्या दुसऱ्या दलालानं, गुलाबचंदशेठनं, त्याला रुपयात दहा आणे देऊ केले. तो बाबांपुढे मान खाली घालून बसला.

"काका, दोन बहिणी लग्नाच्या हायेत. तुमी थोडं वाढवलं तर मी कुटंच जात न्हाई."

बाबा माझ्या कानात म्हणाले, "आठाच्या वर जाऊ नको," आणि आमच्या हातांवर रुमाल टाकला.

त्याचा हात मी पहिल्यांदाच धरत होते. त्यानं माझी पाच बोटं दोनदा दाबली. दहा. मी चार, चार. त्यानं पाच, मग चार. नऊ. मी पुन्हा चार, चार. मग त्यानं माझी चार बोटं एकदा दाबली... आणि तशीच धरून ठेवली. सोडेचना. माझी कानशिलं तापली. बाबा बघत होते. आता चेहऱ्यावर सगळं दिसेल, या भीतीनं मी हात झटकन काढून घेतला.

हरिचंदचा चेहरा उतरला. "बराबर हाय," एवढंच म्हणून तो उठला. मी दारापर्यंत तरी जायला हवं होतं. नाही गेले. वाटलं, उद्या येईलच.

तो गुलाबचंदशेठकडे गेला. आमच्याकडची गिऱ्हाइकं हळूहळू थांबली. दोन वर्षांनी बाबाही गेले. शिरड शहापूरच्या मावशीकडे जायचं ठरवून मी घर विकायला काढलं. गिऱ्हाईक घेऊन आला तो हरिचंदच. गिऱ्हाईक ओट्यावर बसलं, तो आत आला. त्याच्या मनगटावर हळदीचा पिवळा दोरा अजून होता.

"लगीन झालं?" मी विचारलं.

"परवाच... शेठनंच जमवलं." मग तो हळू म्हणाला, "एक इचारू? त्या दिशी हात काहून काढला?"

"लाज वाटली... तुमी हात सोडूनच न्हाई राहिले."

"मी आठावरच आलो होतो. एकदा दाबलं, दुसऱ्यांदा दाबणारच होतो. म्हनलं, घडीभर हात धरून घ्यावा... तुमी सौदा मोडला, म्हणून गेलो."

मला रडूच आलं. घडीभर थांबले असते तर हे घरही राहिलं असतं आणि हा माणूसही.

बाबांचा रुमाल मीच काढला आणि माझ्या-हरिचंदच्या हातांवर टाकला. घराचा भाव ठरला, माझ्या मनातल्यापेक्षा जास्तच. तरी आमचे हात रुमालाखालीच होते. त्यानं माझी चार बोटं एकदा दाबली. मग पुन्हा एकदा.

मी हात तसाच ठेवला. या खेपेला आधी त्यानं काढला.