जाता-येता दोन मिनिटं

ढब्बू चष्म्याच्या दुकानात घुसला तेव्हा पट्टा तिच्या मनगटाला होता, पण मर्जी सगळी त्याची होती. दारातल्या चष्मेवाल्याच्या छातीवर त्या कुत्र्याने आनंदाने पुढचे दोन्ही पाय रोवले, फ्रेम्सचा स्टँड आडवा झाला, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी उचलून देते सगळं..."

"राहू द्या," चष्मेवाला खाली बसून फ्रेम्स गोळा करत म्हणाला. "तुटलं काही नाही. याला माणसं फार आवडतात वाटतं?"

"तेच तर दुखणं आहे."

आणि मग तिने त्या अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकलं. ढब्बूच्या प्रेमळ उडीने तिचे बाबा जिन्यात पडले होते. मनगटावर निभावलं, पण त्यांनी निक्षून सांगितलं होतं – महिनाभरात हा सुधारला नाही तर दुसरं घर बघा त्याच्यासाठी. तेव्हापासून तिची नऊ वर्षांची लेक ताटावर नुसती बसत होती. आत्ताही ती ढब्बूच्या गळ्यात हात टाकून गप्प उभी होती.

"क्लास लावा एखादा," तो म्हणाला.

"सकाळी हिची शाळा, मग मी लॅबमध्ये कवळ्या बनवते, येताना भाजी, घरी बाबांचं पथ्य. डोकं खाजवायला फुरसत नाही. तासभर कुठून आणू?" घटस्फोटाला चार वर्षं झाली होती, सगळं तिच्या एकटीवरच होतं, पण ते ती बोलली नाही.

"तास नकोच. रस्ता रोजचाच आहे ना? फाटकापाशी तो बसल्याशिवाय फाटक उघडू नका. सिग्नलला तुम्ही थांबलात की त्यालाही बसवा. पट्टा ताणला की झाडासारख्या उभ्या राहा. सैल सोडला की चाला. आमची तीन कुत्री या पायरीवरच शिकली." त्याने आडवा पडलेला स्टँड उभा केला. "आणि जाता-येता इथे दोन मिनिटं... उडी मारायला माणूस लागेल की नाही? मी आहे."

पहिला आठवडा फजितीचा गेला. पट्टा ताणला की ती थांबे, मागचे लोक तिला धडकत, आणि शाळेची घंटा दोनदा चुकली. पण लेकीने खिशात बिस्किटाचे तुकडे भरून घेतले आणि ती सिग्नलला मोठ्याने सेकंद मोजू लागली. एके दिवशी भाजीच्या दुकानासमोर ढब्बू चक्क आपणहून बसला. लेक त्या रात्री पोटभर जेवली.

चष्मेवाल्याच्या पायरीवर मात्र त्याला अजून राहवत नसे.

"तो बसेपर्यंत त्याच्याकडे बघायचंच नाही," चष्मेवाला हाताची घडी घालून म्हणाला. ढब्बू त्याच्या गुडघ्यांशी नाचत होता. चष्मेवाल्याने नजर वर उचलली – आणि ती तिच्यावर येऊन थांबली.

"माझ्याकडे काय बघताय?" तिने हळूच विचारलं.

"कुत्र्याकडे बघायचं नाही, एवढंच ठरलंय. कुठे बघायचं ते... नाही ठरलेलं."

तिने केस कानामागे सारले.

"आई," लेक म्हणाली, "तो केव्हाचा बसलाय."

मग दोन मिनिटांची पाच झाली, पाचाची दहा. एकदा काच पुसता पुसता तो म्हणाला, "तुम्ही दात बघता, मी डोळे. लोकांना म्हातारपणाची चिंता असते. आपल्याला कसली?"

ती हसली, निघाली. पण तो 'आपल्याला' तिच्याबरोबर घरापर्यंत चालत आला.

महिना संपला त्या दिवशी बाबांनी स्वतः पट्टा हातात घेतला. जिना उतरून कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले. चपला काढत म्हणाले, "राहू दे त्याला." लेक ढब्बूला बिलगून रडली, आणि बाबा उगाच चष्मा पुसत बसले.

सगळं मनासारखं झालं, आणि तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं. आता त्या पायरीवर थांबायचं कशाला? तीन दिवस ती नुसता हात हलवून पुढे गेली. तिसऱ्या दिवशी लेक पाणी प्यायला म्हणून दुकानात पळाली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी रविवार. ढब्बू आणि नात आजोबांबरोबर बागेत गेली, जाताना लेकीने 'आई, तूही दुकानाकडून चक्कर मारून ये' असं बजावलं, आणि ती एकटीच निघाली. दारावर 'रविवारी बंद' अशी पाटी होती. दार उघडं होतं.

"आज बंद असतं ना?" तिने विचारलं.

"असतं." त्याने तिच्यासाठी स्टूल ओढलं. "तुम्ही आलात तर... म्हणून बसलो होतो."

ती बसली. बोटं एकमेकांत गुंतवत म्हणाली, "ढब्बू शिकला. आता इथे यायला मला काही कारण नाही. आणि मला यायचं आहे."

त्याने हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "काल तुमची लेक विचारत होती, 'तुम्ही माझ्या आईला आवडता, हे तुम्हाला कळलंय का?'"

"अगं बाई..." तिने तोंडावर हात ठेवला. "मग? काय सांगितलंत?"

"म्हटलं, मला शंका होती. पण विचारायचा धीर होत नव्हता." त्याचा आवाज खाली आला. "तर ती म्हणाली, 'आईला पण होत नाही. तुम्ही रविवारी दुकान उघडं ठेवा, मी तिला पाठवते.'"