सुनेच्या हातचं पाणी

"माझी सून मला विष घालतेय," म्हातारी म्हणाली, आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून घटाघटा पिऊ लागली.

भाऊजींनी घाईघाईने वही उघडली. त्यांच्या वहिनी खासगी तपासाचं काम करत आणि भाऊजी त्यांचे मदतनीस. म्हणजे बॅग धरायची, दारं वाजवायची आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा. हे तिसरं काम आमच्या भाऊजींना फार छान जमतं, असं वहिनी सगळ्यांना सांगत.

"विष कशावरून?" वहिनींनी विचारलं.

"जावई पाणी शुद्ध करायची मशीनं विकतात. त्यांनी आमच्या घरी एक बसवलं, आणि तपासायला सळ्याही दिल्या. पाण्यात बुडवून वीज लावायची. मशीनचं पाणी मी घेतलं तर स्वच्छ राहतं. तेच सुनेनं आणून दिलं की काळं पडतं. तोच नळ, तोच पेला." म्हातारीने तोंड पुसलं. "तेव्हापासून तिच्या हातचं पाणी सोडलं. पण उलट वाढतच चाललंय हो. पायांत गोळे येतात. काल भिंतीपाशी एक माणूस उभा होता, नुसता बघत. जावई म्हणतात, विष धुऊन निघायला हवं, सारखं पाणी प्या."

पहिली बाटली संपली. तिने दुसरी उघडली.

"विष कशावरून, ते विचारलंच नाहीत तुम्ही," ती म्हणाली.

भाऊजींनी वहिनींकडे पाहिलं. आत्ताच तर विचारलं होतं.

"मुलगा आज संध्याकाळी तिला पोलिसांत देणार आहे. त्याआधी मला खरं काय ते कळू दे." ती उठली, तोल गेला, आणि भाऊजींनी तिला कसंबसं सावरलं. हात बर्फासारखा गार होता. वहिनी तिच्याबरोबरच निघाल्या.

घर नीटनेटकं होतं. पण कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं. दाराशी सुनेची बॅग भरून ठेवलेली होती.

मुलगा बोटं मोडत बसला होता. "बायको आहे माझी. पण डोळ्यांनी पाहिलं ना मी. पाणी काळंकुट्ट झालं."

"आईंना औषध काय चालू आहे?" वहिनींनी विचारलं.

"रक्तदाबाची गोळी. लघवी जास्त होते तिने."

"आणि जेवण?"

"मीठ बंद केलंय. जावई म्हणाले, मीठ म्हणजे पांढरं विष. आता घरात मिठाचा डबासुद्धा नाही."

सून ओट्याला पाठ लावून उभी होती. डोळे रडून सुजलेले. "मी काही केलं नाही," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मुद्दाम काही केलं नाही."

ते 'मुद्दाम' भाऊजींनी बरोबर टिपलं. ते इकडेतिकडे चाचपू लागले आणि साबणाच्या डब्यामागे त्यांना एक काडेपेटी सापडली. आत काड्या नव्हत्या, पांढरे कण होते. त्यांनी ती रुमालात धरून वहिनींच्या हाती दिली.

"सापडलं," ते कुजबुजले. "ही बाई साधी नाही, वहिनी."

वहिनींनी काडेपेटी उघडून पाहिली आणि मुकाट्याने पर्समध्ये टाकली.

तेवढ्यात जावई आला. इस्त्रीचा शर्ट, जिभेवर साखर. "सासूबाई, नव्या सळ्या आणल्यात. जुन्या झिजतात हो लवकर."

"मशीन बसवूनही यांचा त्रास वाढलाय," वहिनी म्हणाल्या.

"वाढणारच. साठलेलं विष बाहेर पडतंय. आणखी पाणी प्यायचं."

म्हातारी लगेच पेल्याकडे वळली. वहिनींनी तो हळूच बाजूला सरकवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, आधी रुग्णवाहिका बोलवा."

आता या घरात कुणाचा जीव जाणार, हेच भाऊजींना कळेना. तरी त्यांनी फोन लावला.

वहिनींनी स्वतः मशीनमधून पाणी घेतलं, सळ्या बुडवल्या, बटण दाबलं. पाणी स्वच्छ राहिलं. मग त्यांनी काडेपेटीतली चिमूट त्यात टाकली.

पेल्यात तपकिरी धूर उठल्यासारखं झालं. बघता बघता पाणी काळपट झालं.

सून पुढे आली. "मीच मारलं त्यांना. जेवण सपक लागतं म्हणून ताट बाजूला सारायच्या, पायांत गोळे यायचे. मला दया आली, म्हणून पाण्यात चिमूट घालायचे. ते खरंच विष असेल, मला काय माहीत!"

वहिनींनी उरलेले कण सरळ जिभेवर ठेवले. भाऊजींनी त्यांचं मनगट पकडलं, पण उशीर झाला होता.

"मीठ आहे, भाऊजी. आपण रोज खातो ते." त्यांनी सळ्या वर काढल्या. "पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळईचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं. घाण पाण्यातली नाही, सळईची आहे. मशीन जवळजवळ सगळे क्षार काढून घेतं, म्हणून तिथे वीज फारशी वाहत नाही आणि पाणी स्वच्छ राहतं. हे जावईबापूंना ठाऊक होतं. सळ्या झिजतात, असं तेच म्हणाले. नुसतं पाणी तपासणारी सळई झिजेल कशाला?"

"पण मग आईला झालंय काय?" मुलाने विचारलं.

"मीठ बंद, लघवीची गोळी चालू, वर दिवसभर पाणी. अंगातलं मीठ पार उतरलंय. त्यानेच गोळे येतात, तोल जातो, नसलेली माणसं दिसतात. सुनेचं पाणी सोडल्यावर त्रास वाढला, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. भीती वाटली की पाणी प्यायचं, पाणी प्यालं की आणखी भीती. असंच चालू राहिलं तर माणूस जातो."

जावई पुटपुटला, "मला कुठे माहीत होतं, या इतकं पितील..."

"ते नसेल माहीत. पण पहिला पेला काळा झाला तेव्हाच तुम्ही ओळखलंत की यात फार तर मीठ असेल. बोलला असतात तर सळ्यांचं बिंग फुटलं असतं. म्हणून हिला विषारी ठरू दिलंत. चोर सोडून संन्याशाला फाशी."

मुलाने उठून दाराशी ठेवलेली बॅग आत नेली. बायकोकडे मात्र त्याला बघवेना. तेवढ्यात म्हातारीचे डोळे फिरले, अंगाला झटके येऊ लागले, आणि तिला सावरायला सगळ्यांत आधी सून धावली.

रुग्णवाहिका वेळेवर पोचली म्हणून म्हातारी वाचली. भाऊजी वहिनींबरोबर दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. नर्सने वाटी पुढे केली, तर म्हातारीने मान फिरवली आणि पलीकडे उभ्या सुनेकडे बोट दाखवलं.

"तिच्या हातचं दे."

सुनेने वाटी पुढे धरली. म्हातारीचा हात सवयीने उशीखाली गेला आणि सळ्या शोधू लागला. तिथे काही नव्हतं. तिने वाटीतल्या पाण्याकडे बराच वेळ पाहिलं. ती भ्यालेली होती, हे भाऊजींनाही दिसलं.

मग तिने डोळे मिटले आणि प्याली.