कानबाईचं कव्हर

अहिराणी गाण्यांची कव्हरं कशी असतात, हे खानदेशात कुणाला सांगायला नको. पिवळाधमक रंग, लाल अक्षरं, गोरा करून टाकलेला गायक आणि खाली शुभेच्छुकांची रांग. मोहिनीने असली कव्हरं झोपेतही केली असती. पण तिची एक खोड होती: गाणं कानात चालू असल्याशिवाय तिचा हात हलत नसे. धुळ्याचा स्टुडिओवाला हितेंद्र हसायचा, "वहिनी, कव्हर लोक बघतात, ऐकत नाहीत." ती म्हणायची, आतलं बाहेर दिसणार नसेल तर गोणपाटात गुंडाळून द्या.

यंदाचा अल्बम घरचाच होता. श्रावणात घरोघरी बसणाऱ्या कानबाई देवीची गाणी भडगावात म्हणावीत तर तिच्या सासूने, कुंदाबाईने. गेल्या श्रावणात घरात कानबाई बसलीच नव्हती. कुंदाबाईचा मुलगा, मोहिनीचा नवरा तेजस, त्या उन्हाळ्यात गिरणा नदीत बुडून गेला होता. तेव्हापासून मोहिनीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, दगड आहे. तिला त्याचा रागही यायचा नाही.

फक्त एका जागी आत काहीतरी हलायचं. घरातल्या पुरुषांची नावं गाण्यात गुंफायची रीत आहे. त्या रीतीने कुंदाबाई चौथ्या गाण्यात सवयीनं म्हणून गेली होती, "कानबाई उनी माय, तेजस सामोरा गया." कानबाई आली, तेजस तिला सामोरा गेला. आणि तिथे तिचा श्वास अडकला होता. हितेंद्र तो कापायला निघाला, मोहिनीने कापू दिला नाही. त्या श्वासापुरतं मोहिनीच्या छातीत दुखायचं. तेजसचं म्हणून तिच्याजवळ एवढंच दुखणं उरलं होतं.

कव्हरसाठी कानबाईचाच फोटो हवा होता. सण अजून लांब होता, तरी कुंदाबाईने घरात कानबाई म्हणून पुजला जाणारा पिढीजात नारळ कपाटातून काढला. आत वाळलेलं खोबरं खुळखुळलं. काजळाने डोळे रेखले, नथ घातली, हिरवं वस्त्र नेसवलं. फोटो झाला आणि वस्त्र उतरवून नारळ परत कपाटात गेला. ना आरती, ना नैवेद्य, ना निरोप. बोलावलेल्या पाहुणीला दारातूनच परत पाठवावं, तसं झालं ते.

दुपारी मोहिनी संगणकावर कव्हर करायला बसली. चौथं गाणं लागलं आणि नारळाच्या डाव्या डोळ्याखाली काळा ओघळ दिसला. काजळ पसरलं असेल म्हणून तिने मूळ फोटो उघडला. तिथे ओघळ नव्हता. कव्हरवर होता. आवळलेल्या नळासारखा थांबत थांबत तो खाली उतरत होता.

कुंदाबाई मागे येऊन उभी राहिली. रात्र रात्र जागून तिचे डोळे खोल गेले होते.

"सन शे माय. रडेल तोंड बठ्ठा लोके दखतीन. पुशी टाक."

सणाच्या कव्हरवर रडकं तोंड सगळ्यांना दिसायला नको, म्हणून मोहिनीने पुसलं. पुसताना कानातलं गाणं सलग पुढे गेलं. तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. नाव होतं, श्वास अडकत नव्हता.

तिने हितेंद्रला फोन लावला. "चौथं गाणं कापलंत का?"

"हातही नाही लावला वहिनी. का हो?"

त्या संध्याकाळी कुंदाबाई दोन भाकरी जेवली आणि पडल्या पडल्या घोरायला लागली. असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. मोहिनी तिच्याकडे बघत राहिली. तिला फार बरं वाटलं, आणि फार भीती वाटली.

सकाळी कव्हरवर दोन्ही डोळ्यांखाली ओघळ होते. तिने आवाज वाढवला. तेजस. निदान नाव तरी आहे. हे पुसलं तर काय जाईल, ते तिला कळत होतं. ठेवावं असं तिने ठरवलंही.

तेवढ्यात आतून कुंदाबाईचं कण्हणं आलं. "मना बाप, मना तेजस..." भिंतीवर डोकं आपटल्याचा आवाज आला.

मोहिनीने पुसलं.

आत शांत झालं. कानात कुंदाबाईचा खणखणीत आवाज गात होता, "कानबाई उनी माय, गाव सामोरं गयं."

छातीत काही दुखलं नाही. तिने वाट पाहिली. मग कव्हर पाठवून दिलं.

अल्बम खूप चालला. हितेंद्र म्हणाला, असं आनंदी कव्हर तुम्ही आजवर केलं नव्हतं.

श्रावणात कानबाईच्या रविवारी घर सारवलं, नैवेद्याच्या रोटांचं पीठ आलं. मोहिनीने कपाटातून नारळ काढला आणि तिचा हात खाली गेला. नारळ जड होता. हलवला, तर आत पाणी डुचमळलं.

कुंदाबाई चौरंगामागची भिंत झाडत होती. गाणं गुणगुणता गुणगुणता ती थांबली.

"मोहिनी, हाऊ पोऱ्या कोन शे वं?"

मोहिनीने जवळ जाऊन पाहिलं. भिंतीवरच्या फ्रेममध्ये काचेमागे एक तरुण हसत होता. दिसायला बरा होता.

"माहीत नाही, आई. दुकानात फ्रेमबरोबर असे फोटो येतात."

फोटोवरचा चंदनाचा हार मात्र चांगला होता. तो तिने काढून घेतला, धूळ झटकली आणि कानबाईला घातला.